राखाडी झूल

गिरजाबाई विणकाम सातवीत शिकली, पण डूख धरणे ती जन्मतःच शिकून आली होती. इंझोरीच्या शाळेत बाईंनी मुलींना दोन सुयांवर सुलट-उलट टाके घालायला शिकवले, तेव्हा एकदा तिची चुकलेली पट्टी उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवली. मुली फिदीफिदी हसल्या. गिरजाने पट्टी परत घेतली. वर्षाच्या शेवटी मुलींनी मिळून बाईंना शाल विणून द्यायचे ठरले. तिच्या वाट्याला आलेल्या पट्टीत तिने नेमकी तीच चूक बारा वेळा विणली, तीही इतक्या सफाईने की ती नक्षीच वाटावी. बाई ती शाल पांघरून एसटीची वाट पाहत उभ्या आहेत हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि मगच तिचा जीव थंड झाला.

लग्न होऊन ती मेडशीच्या अंगाला आली. मेडशीहून मालेगावकडे जाताना हमरस्त्याला लागून चार-दोन गावे आहेत, त्यांतलेच एक. नाव कशाला सांगायचे, गावाला ते आवडायचे नाही. सासू खमकी होती. सून दुपारी सुया घेऊन बसते म्हणजे रिकामटेकडी, असा तिचा हिशेब. एक दिवस तिने गिरजाच्या बांबूच्या सुया उचलून चुलीत घातल्या. गिरजाने नवऱ्याच्या सायकलच्या दोन आऱ्या काढल्या, दगडावर घासून त्यांना टोके केली आणि त्या सुयांवर सासूसाठी स्वेटर विणला. सुरेख होता, हिरवागार. फक्त गळा इतका तंग की सासूचे डोके त्यातून कधी गेलेच नाही. सासू दर हिवाळ्यात तो पेटीतून काढायची, शेजारणीला दाखवायची आणि पुन्हा पेटीत ठेवायची.

नवरा चंपत मात्र निराळ्या मातीचा होता. चाक लडबडत असलेली सायकल त्याने महिनाभर तशीच चालवली आणि दोन आऱ्या कुठे गेल्या हे बायकोला एका शब्दाने विचारले नाही. रस्त्यापलीकडे त्याची दोन एकर जमीन. त्यात सोयाबीन, तूर आणि बांधाला थोडी वांगी-मिरची. बोलायला कमी आणि हसायला लवकर, असा माणूस. गिरजाबाईचा सगळा राग जगावर असायचा आणि तो घरी आला की ती चहा ठेवायची.

लेक योगिनी पुण्याला कपड्यांच्या कंपनीत कामाला लागली. एका दिवाळीला तिने आईसाठी दोऱ्याचे दोन कोन आणले. दोरा चपटा, बारीक पट्टीसारखा आणि रंगाने चुलीतल्या राखेसारखा. गिरजाबाईने नाक मुरडले. मग योगिनीने दार लावून खोलीत अंधार केला, मोबाईलची बॅटरी कपाळाशी धरली आणि कोनावर उजेड टाकला. कोन असा पेटला की गिरजाबाई मागे सरकली.

त्या दोऱ्याची एक खोड होती आणि ती गिरजाबाईला फार आवडली. जो उजेड टाकतो, त्यालाच तो चमकताना दिसतो. बाजूला उभ्या असलेल्याला काही नाही. शेजारची धनीबाई तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली तर तिलाही दिसे, पण चार पावले बाजूला गेली की म्हणे, "कोठी काय चमकते व? मले तं राखच दिसून राह्यली." दोरा उजेडवाल्याचा उजेड सरळ त्याच्याच डोळ्यांत परत फेकत होता. आपल्या स्वभावाचा दोरा सापडला, असे गिरजाबाईला वाटले.

तिने त्याच्या टोप्या विणल्या, मनगटाच्या पट्ट्या विणल्या, बैलांच्या शिंगांना बांधायचे गोंडे केले. रामनवमीच्या आधी पोहरादेवीला पायी जाणारी माणसे या रस्त्याने जातात, ती थांबून पट्ट्या घेऊ लागली. ट्रकवाले दुरूनच बाजू देतात म्हणायची. गावातल्या बाया पहाटे फिरायला जाताना गिरजाबाईच्या टोप्या घालायच्या. तिचे नाव झाले. पहिला मफलर मात्र तिने चंपतला विणला होता. लांबलचक, कमरेपर्यंत येणारा, आणि दोन्ही टोकांना लिंबाएवढा एकेक गोंडा.

"हे गोंडे काहून लावले व?" चंपत म्हणाला. "मी काय बाळ हाव?"

"शोभते. घाला मुकाट्यानं."

चंपतने घातला. त्याची दोन्ही टोके तो पाठीवर टाकायचा, कारण समोर आली की विळा चालवताना मध्ये यायची.

गावात रामराव पाटील म्हणून एक बडे शेतकरी. साठ एकर जमीन, दोन मजली घर, पोळ्याला मानाची बैलजोडी त्यांची. माणूस तसा दिलदार म्हणतात, लग्नकार्यात पुढे. पण त्या वर्षी रानडुकरांनी त्यांच्या तुरीत धुडगूस घातला होता आणि रामराव डुकरांवर पेटले होते. त्यांनी आपल्या पांढऱ्या गाडीला पुढून लोखंडी गार्ड वेल्डिंग करून घेतला. पारावर बसून सांगायचे, "दोन लोळवले. तिसराही लोळवतो. हे भटारे डुकरं आता माह्यापुढं उभे राहून पाहू द्या." लोक हसायचे. गिरजाबाईनेही ते ऐकले होते. डुकरांची कीव तिला तरी कुठे होती?

कार्तिकात एका संध्याकाळी, सातच्या सुमाराला, चंपत शेतातून परत येत होता. गाव फर्लांगभर राहिले होते. नाल्यावरच्या मोरीच्या अलीकडे, जिथे रामरावांच्या शेताकडे वाट वळते, तिथे रामरावांच्या गाडीने त्याला उडवला. जागीच गेला.

रामराव स्वतःच त्याला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले, रडले, डोके आपटून घेतले. हे सगळे खरे आहे. आणि मग ते म्हणाले, "मले दिसलाच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख उन्हात जमादार पंचनामा करायला आला. त्याने लिहिले: राखाडी रंगाचा मफलर एक, अंगठा तुटलेली चप्पल एक. दोन पंचांनी सह्या केल्या. मफलर पिशवीत घालून सील झाला. राखाडी म्हटल्यावर पुढचे सगळे सोपे झाले. अंधार पडल्यावर राखाडी कपडा घालून माणूस रस्त्याने चालला होता, तो गाडीवाल्याला दिसणार कसा? गुन्हा नोंद झाला, जामीन झाला, तारखा सुरू झाल्या. तेराव्याला आलेले लोक मान हलवत म्हणून गेले की चूक चंपतचीच. एक बाई तर हात धुता धुता बोलली, "तुयी चमकणारी मफलर त्यालेच नाही कामी आली, माय."

तिथे गिरजाबाईच्या आत काहीतरी खटकन बसले आणि पुन्हा हलले नाही.

महिन्याभराने तिने उरलेल्या दोऱ्याची एक साधी पट्टी विणली, गळ्याभोवती गुंडाळली आणि धनीबाईच्या नवऱ्याला मोटारसायकल घेऊन मोरीकडून यायला सांगितले. स्वतः चंपत पडला त्या जागी पाठ करून उभी राहिली. तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "वहिनी," तो म्हणाला, "मले तुमी मोरीच्याही मांगून दिसल्या. दोनशे पावलं तं नक्की असन. आंधळा असन तरच दिसणार नाही."

हे तिने जमादाराला सांगितले. जमादार भला माणूस होता, त्याने तिला पाणी दिले. "बाई, कागदावर राखाडी लिहिलं आहे," एवढेच म्हणाला.

तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. रामरावांना फाशी व्हावी, तुरुंग व्हावा, असे काही तिच्या मनात नव्हते. तो कोर्टाचा मामला, कोर्ट पाहील. तिला रामरावांच्या तोंडून, सगळ्या गावासमोर, तीन शब्द ऐकायचे होते: मले दिसला होता. मग बाकीच्यांनी मान हलवून दाखवावी. चंपतची चूक म्हणणाऱ्या एकेकाच्या तोंडाकडे तिला पाहायचे होते. ती भाकरी थापताना हे शब्द म्हणायची, शेतात निंदताना म्हणायची. झोपेत सुद्धा म्हणत असेल, पण ऐकायला आता घरात कोणी नव्हते.

तिच्या टोप्या विकत घेणे लोकांनी बंद केले. अपशकुनी दोरा, म्हणाले.

आषाढ लागला तसे गावात सोसायटीच्या निवडणुकीचे वारे सुरू झाले. रामराव उभे राहणार होते. चंपतचा विषय लोक उघड काढत नसले तरी पाटलांना तो डाचत होता. एका दुपारी त्यांची बायको रंगूबाई गिरजाबाईच्या ओसरीवर येऊन बसली. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाली, "औंदा मानाच्या जोडीले झुली तुह्याच हातच्या पाह्यजे म्हणतात पाटील. झालं गेलं गंगेले मिळालं, बाई. लोकायले बी दिसन का आपल्यात काई राह्यलं नाही."

लोकांना दिसेल! गिरजाबाईने मान खाली घातली, कारण डोळे वर केले असते तर रंगूबाई उठून पळाली असती.

"करतो ना," ती म्हणाली. "काहून नाही करणार?"

गावात बातमी फिरली. धनीबाई तिच्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी आली ती भांडायलाच. "लाज नाही वाटत तुले? ज्यानं नवरा मारला त्याच्या बैलायले सजवून राह्यली?"

"बैलायनं काय केलं माह्यं?" गिरजाबाई सुया चालवत म्हणाली.

धनीबाई थुंकून गेली. गिरजाबाईला ते लागले, फार लागले. पण तिने तिलाही काही सांगितले नाही. धनीबाईच्या पोटात तीळ भिजत नाही, आणि हे काम पोटात ठेवायचे होते.

योगिनीची जुनी गणिताची वही होती, चौकटीचौकटीची. गिरजाबाईने एका चौकटीला एक टाका धरून त्यात अक्षरे मांडली. म ला किती टाके, ल ला किती, 'होता'मधला काना कुठे उचलायचा. मग तिने गुळगुळीत राखाडी सुती दोरा आणला, चमकणाऱ्या दोऱ्याच्या रंगाशी उन्हात ताडून ताडून. झुलीचे अंग सुती दोऱ्याचे आणि अक्षरे त्या दुसऱ्या दोऱ्याची. दोन राखाडी शेजारी शेजारी. दिवसा कोणी डोळ्याला लावून पाहिले तरी एका रंगाचा कपडा. ती दिवसा विणायची आणि वीतभर झाले की दार लावून, गोधडी डोक्यावर घेऊन, बॅटरी कपाळाशी धरून पाहायची. म पेटला. ल पेटला. त्या गोधडीखाली ती आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदा हसली.

कडेला तिने लाल आणि पिवळी नक्षी केली, आरसे लावले, कवड्या ओवल्या. रंगूबाई पाहायला आली. हात फिरवून म्हणाली, "काम तं लय बारीक हाय. पण मधात हे राखाडी काहून?"

"बैल पांढरे हाय तुमचे. पांढऱ्यावर पांढरं खुलते का? अन् राखाडीवर धूळ दिसत नाही."

रंगूबाईला पटले. जाता जाता ती वळली. "अन् गोंडे लावजो बरं मागच्या बाजूनं. गोंड्याबिगर झूल बोडकी वाटते."

गिरजाबाईच्या हातातली सुई थांबली. गोंडे तिने चंपतनंतर केले नव्हते. पण नाही म्हटले तर बाई विचारील का नाही. पेटीत चमकणाऱ्या दोऱ्याचा उरलेला गुंडा होता, त्याचेच तिने चार गोंडे केले, लिंबाएवढे. दोन एका झुलीच्या मागच्या टोकांना, दोन दुसऱ्या. ते करताना तिला 'मी काय बाळ हाव' ऐकू आले आणि ती सुया टाकून ओसरीवर येऊन बसली.

पोळ्याला अमावास्या असते, आणि त्या दिवशी तर आभाळही भरून आले होते. गावाबाहेरच्या आखरावर बैल जमले. आंब्याच्या पानांचे तोरण बांधले होते. मानाची जोडी सगळ्यात पुढे, पाठीवर राखाडी झुली, कडेला आरसे लखलखत. लोकांनी कौतुक केले. रामराव पांढऱ्या धोतरात, फेटा बांधून, कासरा हातात धरून उभे. सालदार किशन दुसऱ्या बैलापाशी. पुढाऱ्यांना यायला उशीर झाला, झडत्यांची गाणी लांबली, आणि तोरण तुटायला दिवस बुडाला. एरवी गिरजाबाई आखराकडे फिरकत नसे. विधवा बाईने मानाच्या बैलांच्या समोर उभे राहू नये असे गाव मानते. ती बाभळीखाली, सगळ्यांच्या मागे उभी होती. पदर दातांत धरला होता.

तोरण तुटले. पोळा फुटला. हलगी कडाडली, आणि धनीबाईची लेक वैष्णवी फोटो काढायला मोबाईल घेऊन पुढे धावली. फ्लॅश उडाला.

वैष्णवीने फोटो पाहिला. पुन्हा काढला. मग तिने मोबाईलची बॅटरी लावली, तोंडाजवळ धरली आणि बैलाच्या अंगावर उजेड टाकला. ती जागच्या जागी थिजली.

"आई व," ती ओरडली, "हे पाहाय!"

एक बॅटरी लागली, दुसरी लागली, दहा लागल्या. ज्याने उजेड टाकला त्याला ते दिसले. पांढऱ्याशुभ्र हातभर अक्षरांत बैलाच्या अंगावर पेटलेले: मले दिसला होता. हलगीवाल्याचा हात थांबला. माणसे एकमेकांकडे पाहीनात. नुसती झुलीकडे पाहत होती आणि मग हळूहळू सगळे मोबाईल तसेच धरून रामरावांकडे पाहू लागली. धनीबाईने मागे वळून बाभळीकडे पाहिले आणि तोंडाला पदर लावला.

रामरावांना काहीच कळेना. ते कासरा धरून बैलाच्या तोंडाशी उभे. त्यांच्या हातात उजेड नव्हता, त्यामुळे त्यांना नुसती राखाडी झूल दिसत होती. "काय झालं रे? हलगी काहून थांबली?" त्यांनी किशनकडे पाहिले, लोकांकडे पाहिले. "अरे सांगसान का काई!" शेवटी त्यांनी खिशातून स्वतःचा मोबाईल काढला, बॅटरी लावली आणि बैलाच्या अंगावर धरली.

वाचले. दोनदा वाचले असावे. मग त्यांचा आवाज चढला. "कोणाचं काम हे? कोणं लिवलं? किशन, काढ ते! काढ आधी!"

गिरजाबाई बाभळीखालून निघाली. लोकांनी आपोआप वाट दिली. किशन झूल सोडायला पुढे झाला, तसा बैल बुजला आणि गर्रकन वळला. त्याची पाठ रामरावांकडे आली. झुलीची मागची दोन टोके लोंबत होती आणि रामरावांच्या हातातला उजेड त्या दोन गोंड्यांवर पडला.

दोन पांढरे गोल, वीतभर अंतरावर, जरासे हलणारे.

रामरावांच्या तोंडून असा आवाज निघाला की बैलाने कान टवकारले. ते दोन पावले मागे सरले, फेटा सुटून खांद्यावर आला. "तेच," ते म्हणाले. "तेच डोये."

"कोणाचे डोये?" गिरजाबाईने विचारले. ती आता त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती.

"डुकराचे." रामरावांना ती दिसत होती की नाही कोण जाणे. मोबाईल त्यांनी तसाच गोंड्यांवर धरला होता. "मोरीवरूनच दिसले मले. रस्त्याच्या कडेले, खाली, एकदम खाली. दोन डोये. मले वाटलं भटारं बसलं. मी हॉर्न नाही देल्ला. पळून जाईन म्हणून नाही देल्ला. गाडी घातली सरळ. आईच्यान सांगतो, मले डुक्कर वाटलं!"

आखरावर शंभर-दीडशे माणसे होती आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटांखेरीज आवाज नव्हता. डुकरावर गाडी घालणे त्यांच्यातल्या कोणालाही समजू शकत होते, पारावर तेही हसले होते.

गिरजाबाईला सगळे कळायला वेळ लागला नाही. अंगठा तुटलेली चप्पल. कागदावर होती, तिने वीस वेळा वाचली होती आणि तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. चंपत कडेला उकिडवा बसला होता, चप्पल बांधायला. पाठ मोरीकडे. मफलरची टोके पाठीवर टाकलेली, आणि पुढे वाकल्यामुळे मफलर पाठीबरोबर आडवा, मागून दिसणार ती नुसती टोके. आणि त्या टोकांना दोन गोंडे.

तिनेच शोभेसाठी लावलेले. पण ज्यासाठी ती नऊ महिने जगली होती ते तिच्या समोर उभे होते आणि ते सोडून द्यायची तिची तयारी नव्हती.

"मंग दिसला होता," ती म्हणाली.

"मले डुक्कर..."

"दिसला होता का नाही?"

"हाव."

"मोठ्यानं सांगा, पाटील. सगळ्यायले आयकू जाऊ द्या. माह्या मानसाची चूक होती म्हणणारे अठीच उभे हाय."

रामरावांनी हातातला मोबाईल खाली केला. "दिसला होता," ते म्हणाले. "मले दिसला होता."

तिने ठरवले होते तसे एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. मान हलवणारे होते, हात धुता धुता बोललेली बाई होती, सह्या करणारे दोन पंच होते. सगळ्यांच्या माना खाली होत्या. हे तिने शंभर वेळा मनात पाहिले होते आणि अगदी तसेच घडले. मग ती वळली आणि घराकडे चालू लागली. धनीबाई मागे धावली, "गिरजे, गिरजे व," करत. पण गिरजाबाई स्वतःच्या हातांकडे पाहत चालली होती आणि तिने मागे पाहिले नाही.

रामराव बोलले ते चाळीस मोबाईलांत रेकॉर्ड झाले होते. ते वकिलाकडे गेले, जमादाराकडे गेले. जमादाराने नवा जबाब घेतला. सील केलेली पिशवी कोर्टात अंधार करून, बॅटरी लावून पाहिली म्हणतात. खटला चालू आहे. रामरावांनी निवडणुकीचा अर्ज भरला नाही. किशनने एका सकाळी दोन्ही झुली आणून गिरजाबाईच्या ओसरीवर टाकल्या आणि निघून गेला.

तिने कात्रीने त्यांचे चारही गोंडे कापले. मग एक झूल खांद्यावर टाकली, दोन बांबू घेतले आणि मोरीच्या अलीकडे, जिथे रामरावांच्या शेताची वाट वळते, तिथे रस्त्याच्या कडेला बांबू रोवून त्यांच्यामध्ये ती ताणून बांधली. गावाकडून येऊन त्या वाटेला वळणाऱ्या गाडीच्या अगदी समोर. दिवसा पाहिले तर वाळत घातलेला एक राखाडी कपडा आहे. दिवस बुडाल्यावर रामराव शेताकडे जायला निघाले की त्यांच्याच गाडीचे दिवे ती अक्षरे पेटवतात आणि त्यांच्याच डोळ्यांत परत फेकतात. ती काढून टाका असे त्यांना कोणी सांगितले तर ते राहू द्या म्हणतात. अलीकडे ते दिवस मावळायच्या आत घरी येतात आणि तुरीच्या राखणीला दुसरा माणूस पाठवतात. गाडीचा गार्डही त्यांनी काढून टाकला. गिरजाबाई दर आठ दिवसांनी जाऊन झुलीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसते. आपला मुक्काम गावात असेल तोवर पुसत राहणार, असे तिने धनीबाईला सांगून ठेवले आहे. फाटली तर दुसरी पेटीत आहे.

गावाला आता तिचा दोरा पुन्हा चालतो. टोप्या जातात, पट्ट्या जातात. हिवाळ्याच्या तोंडावर वैष्णवी आली. पहाटे पोलीस भरतीच्या सरावाला रस्त्याने पळते, तिला मफलर हवा होता.

"अन् मावशी, दोन्ही टोकाले गोंडे लावून द्या न. मस्त दिसतात."

गिरजाबाईने सुईवर टाके घालता घालता मान हलवली.

"एकच लावतो," ती म्हणाली. "मी दोन नाही करत."